असुराची आरोळी

अप्पांनी मला आवाज शिकवला तो मारून मारून. तमिळ मुलखातल्या आमच्या मेलकावेरीला घराजवळच्या घाटावर पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभं करायचे आणि पोटात बुक्की हाणायचे. आरोळी पोटातून यायला हवी. गळ्यातून आली की मानेवर चापट. मला बापाचा इतका राग यायचा की असुर व्हायला वेगळं काही करावंच लागत नसे.

आमच्या देवळात दरवर्षी संगीत नाटक व्हायचं, आणि त्यातला असुरराजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरचा. तिथला रिवाज असा, की असुरानं आव्हानाची आरोळी दिल्याशिवाय देवाचा मुखवटा पडद्याबाहेर येत नाही. मुखवटा चढवणारे माझे काका तीन दिवस उपाशी असत. अंगात आलं की चौघं त्यांना धोतराला धरून ठेवत. अप्पांनी वीस वर्षं ती आरोळी गळ्यातून दिली आणि गळा घालवून बसले. बोलणं म्हणजे नुसती घरघर. पुन्हा एकदा ओरडलात तर तीही जाईल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी असुराच्या व्रताचं कंकण माझ्या हातात आलं.

कंकण बांधलं की आठ दिवस मौन. आई मिरी घातलेलं दूध द्यायची, मी पाटीवर लिहून बोलायचो. सातव्या दिवशी बाजारात भांड्यांच्या दुकानातल्या एकानं अप्पांच्या घरघरीची नक्कल केली. लोक हसले. अप्पाही हसले, आणि तेच मला सोसलं नाही. माझं टाळकं सटकलं. गचांडी धरून मी त्याला पितळी घागरींवर आपटला आणि घसा फाटेस्तोवर शिव्या दिल्या, तमिळमध्ये आणि आमच्या मराठीतही. त्याचं नाक फुटलं. अप्पांनी भर रस्त्यात माझ्या कानाखाली जाळ काढला.

"हसला तर हसू दे की," ते घरघरले. "गळा काय तुझ्या एकट्याचा आहे?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाटक. घसा पार बसलेला. पदं गायकांनी ओढून नेली, बाकी मी डोळ्यांनी आणि चालीनं निभावलं. पुढं बसलेली पोरं भिऊन आयांना बिलगली. मग आव्हानाची जागा आली. मी गदा आपटली, तोंड उघडलं आणि नुसती हवा निघाली. पुन्हा आपटली. पुन्हा हवा. पडद्यामागं काका गुरगुरत होते, धोतर टरकल्याचं ऐकू आलं, पण त्यांना कुणी सोडेना. मृदंगवाला तोच ठेका वाजवत माझ्याकडं बघत राहिला.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून आरोळी आली. मंडपाच्या छतापर्यंत गेली. मी तोंड उघडंच ठेवलं, लोकांना ती माझीच वाटली. काका पडदा फाडून आले, केसांना धरून मला लोळवलं, छातीवर नखं ओढली. अजून मारा, असंच मला वाटत होतं.

आत गेलो तर अप्पा उपरणं तोंडाशी धरून बसलेले, उपरण्याला रक्त. त्यांनी माझ्या पोटात बोट टोचलं. इथून दिली, असं दाखवत होते.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. माझीच पाटी वापरायचे. ज्या घरघरीसाठी मी एका माणसाचं नाक फोडलं, ती घरात पुन्हा कधी ऐकू आली नाही.