बन्सीच्या कर्ण्यावरची फुलं

त्या श्रावणात जुने फोनू बघत फिरणारा एक पुण्याचा शौकीन घोडेगावला येऊन गेला आणि कारभारी लाउडस्पीकरवाल्याला जेवण गोड लागेनासं झालं.

गावात फोनू, म्हणजे फोनोग्राफ, दोन होते. एक कारभारीचा, दुसरा त्याच्या चुलतभावाचा, बन्सीचा. सत्तेचाळीस साली नगरच्या कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावातून दोघांच्या बापांनी एकेक उचललेला. अगदी जुळे. तबकडीचे नव्हेत, मेणाच्या नळीवर वाजणारे, आणि वर हातभर रुंद कर्णा.

कारभारीच्या घरी खंडेनवमीला पाने, पकडी, स्पीकर यांच्या ओळीत फोनूही मांडला जाई. आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून कर्णा घासायचा. आधी बापानं घासला, बापामागं कारभारीनं. पितळेत तोंड दिसायचं. बन्सीचा फोनू मात्र माळ्यावर पोत्यात. एका साली तर त्याच्या कर्ण्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती.

पुण्याच्या माणसानं कारभारीचा फोनू बघितला, "छान ठेवलाय" म्हणाला आणि उठलाच. बन्सीकडं मात्र त्यानं भिंग काढलं, फोटो काढले, दोनदा चहा घेतला.

"काय म्हनला रं त्यो?" कारभारीनं विचारलं.

"लई जुना हाय म्हनला."

"माझाबी तेवढाच जुना हाय की!"

"मंग तुझाबी चांगलाच असंल," बन्सी जांभई देत म्हणाला.

ही जांभई कारभारीला जास्त लागली.

त्याची लेक ज्योती नगरला कॉम्प्युटर शिकत होती. तिथं नुकतंच इंटरनेटचं दुकान निघालं होतं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर जगभरातल्या जुन्या वस्तूंचे लिलाव दिसत, हे तिनंच सांगितलं. नव्याण्णव साल ते. कारभारी दर शनिवारी एसटीनं नगरला जाऊ लागला. आपल्यासारखा फोनू जगात किती दुर्मीळ आहे हे एकदा कळलं, की बन्सीच्या तोंडावर मारायला तो मोकळा.

फोटो पडद्यावर वरून खाली बोटबोट उतरायचा. तेवढ्यात चहा पिऊन व्हायचा.

"आबा, ह्याखाली 'अति दुर्मीळ' लिहिलंय," ज्योती सांगायची.

"बाजारात कुनी आपल्या म्हशीला म्हातारी म्हनतं का? तू वाचू नको. फोटू दाव."

इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण यंत्र कळत होतं. जुन्या पेटीला नवा कर्णा चढवलेला त्याला स्क्रूवरून ओळखू येई. एकच फोनू दर हप्त्याला दिसला, की तो म्हणायचा, "हा तर गल्लोगल्ली हाय. पुढं चल." आपला फोनू पाच शनिवार कुठंच दिसला नाही, तशी त्याची छाती फुगत चालली.

सहाव्या शनिवारी दिसला. तोच दांडा, तीच पेटी, तसाच चकचकीत कर्णा.

"बोली किती आली?"

"एकपण नाही, आबा. खाली लिहिलंय, कर्णा घासलेला आहे, मूळ रंग गेलाय."

"पितळंला कसला आलाय रंग?"

ज्योतीनं शोधून दुसरा फोटो उघडला. आधी काळपट काठ उतरला, मग एक मळकं निळं फूल, मग त्याच्याखाली दुसरं. बाकी दांडा तोच, पेटी तीच.

"आबा, हा तर बन्सीकाकाच्या फोनूसारखाच!" ज्योती हरखली. "आणि बोल्या बघा, चढतच चालल्यात."

कारभारीच्या ध्यानात आलं. म्हणजे त्याच्याही कर्ण्यावर फुलं होती. बापानं मळ समजून काढली आणि उरलीसुरली त्यानं. देव मानून घासला त्याचं पातेलं झालं, आणि कोंबडी बसवली त्याचं सोनं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो वाटीत भिजवलेली चिंच घेऊन बन्सीच्या दारात उभा राहिला.

"भावजी, आज हिकडं कसं?" बन्सीची बायको मालनबाई म्हणाली.

"सन हाय. म्हनलं, तुमचाबी फोनू घासून द्यावा."

"बरं झालं की," म्हणत बन्सीनं तो माळ्यावरून काढला आणि स्वतःच दोन्ही हातांनी कर्णा धरून बसला. "घे, घास. तुझ्यावानी चमकीव."

कारभारीनं काठाशी फडकं फिरवलं. फडकं निळं झालं. अर्धं फूल गेलं आणि खाली पिवळं पितळ लखलखलं, अगदी त्याच्या घरच्यासारखं.

"अगं बया! केवढं झाक निघालं!" मालनबाई वाकून बघत म्हणाली. "समदा घासा, भावजी."

बन्सीनं कर्णा वळवून त्याच्याकडं पुढचं फूल आणलं. कारभारीचा हात वर गेला, पण खाली येईना.

"दमला व्हय?"

"बन्स्या, ह्याला घासायचं न्हाई. ही फुलं हायत म्हनून ह्यो दुर्मीळ हाय. कुनालाबी हात लावू दिऊ नको. माझी गेली."

"मंग तू कशाला आल्ता?"

"जळत हुतं, म्हनून आल्तो."

बन्सीनं त्या अर्ध्या फुलावरून अंगठा फिरवला. मग चिंचेची वाटी उचलून बायकोकडं दिली. "आमटीत टाक. आन् ह्याला जेवाया वाढ."

त्या कर्ण्यावर अकरा फुलं होती, आता साडेदहा आहेत. आलागेला फोनू बघायला थांबला, की बन्सी ते अर्धं फूल दाखवून सांगतो, "हितं आमच्या भावाचा हात लागलाय." कारभारी तिथं असला तर खाली मान घालतो. अर्ध्या फुलाचं त्याला आता काही वाटत नाही. उरलेल्या साडेदहांकडं मात्र अजून बघवत नाही, म्हणून तो उठून आपल्या स्पीकरच्या दुकानात जातो.