कॅलेंडरवरच्या खोट्या फुल्या

जूनचा तिसरा सोमवार, सकाळी साडेदहा. हजर: सासूबाई, मोठी जाऊ, शेजारच्या आळीतून रंगकामाला येणाऱ्या दोघी, मी. थोरले दीर दारात उभे, म्हणजे अर्धे हजर. ठिकाण: पेणजवळचं हमरापूर, आमच्या गणपतीच्या कारखान्यातली रंगाची खोली.

त्या दिवसाची नोंद माझ्या वहीत अशीच आहे. कोणत्या मूर्ती वाळल्या, कोणत्या रंगल्या, टेम्पो कधी येणार, हे सगळं मी लिहून ठेवत असे. कोणती बाई कधी डोळ्यांच्या कामाला बसणार नाही, हेही. त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारायची. आमच्या घरचा नियम असा, की पाळीच्या चार दिवसांत कच्च्या मूर्तीला हात चालतो, घासकाम चालतं, अंगाचा रंगही चालतो. डोळे मात्र काढायचे नाहीत. डोळे आले की तो देव. हा नियम बरोबर की चूक, याचा मी तेव्हा विचार करत नव्हते. काम अडू नये एवढंच बघत होते.

डोळे मोठी जाऊ काढायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. गिऱ्हाइकं तिचे डोळे ओळखून येत. तेव्हा ती सत्तेचाळीसची होती. घरात तिच्या शब्दाला वजन होतं ते त्या बारीक ब्रशामुळे.

त्या सोमवारी रंगकामाच्या एकीने एक छोटी मूर्ती उचलून धरली. "काय गो, या गणपतीला झोप आली हाय काय? डावा डोळा बघ."

दुसरी म्हणाली, "मोदक जास्ती झालं असतील."

सगळ्या हसल्या. जावेने ब्रश पाण्यात ठेवला आणि ती रडायला लागली. आवाज नाही, पण थांबेचना.

"यवडंसं बोलली तर यवडं रडायचं?" सासूबाई म्हणाल्या.

दीर दारातूनच बोलले, "महिना झाला, झोपत नाय. बाहेरचं कायतरी लागलंय. अवसेला भगताकडं नेतो. आणि डोळे यंदा दुसऱ्या कोणालातरी द्या."

जावेने माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे.

फेब्रुवारीपासून तिचं अंगावर जाणं दर पंधरा दिवसांनी सुरू होई आणि आठ-आठ, दहा-दहा दिवस चाले. खऱ्या फुल्या मारल्या असत्या तर डोळ्यांसाठी तिला दिवसच उरले नसते. एकदा पाण्याच्या टाकीपाशी ती मला म्हणाली होती, "चारच मार गो. बाकीचं मी बघते." मी चारच मारल्या. पुढच्या महिन्यात योग्य अंतर मोजून पुन्हा चार. कॅलेंडर नीटनेटकं दिसायचं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मी म्हटलं, "भगताच्या आधी डॉक्टर. रोह्याला, माझ्या माहेराजवळ, बाईडॉक्टर आहे." पेणमध्ये दाखवलं असतं तर दवाखान्याच्या बाकावरच चार ओळखीचे भेटले असते.

"मी पन येनार," सासूबाई म्हणाल्या. हे माझ्या आखणीत नव्हतं.

डॉक्टर तारखा विचारणार हे ठाऊक होतं, म्हणून मंगळवारी कागद घेऊन बसले. सासूबाई हौसेने कॅलेंडरवरच्या फुल्या वाचून दाखवू लागल्या, आणि मी त्या तशाच उतरवल्या. बुधवारी पेणच्या रामवाडी स्टँडवर एसटीत बसलो तेव्हा तो कागद माझ्या पिशवीत होता.

डॉक्टरीणबाईंनी तो वाचला. "पाळी तर वेळच्या वेळी आहे. मग त्रास मनाचा दिसतो." झोप, रडणं, भीती, छातीतली धडधड, सगळं विचारलं. चिंता, नैराश्य असे शब्द त्या सावकाश बोलल्या.

"म्हंजे येडी हाय काय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आजी. आजार आहे. यावर उपचार होतो."

जाऊ मान खाली घालून बसली होती. झोपेच्या गोळ्या घेऊन ती गपचूप घरी आली असती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरंफटक. मी समोरच होते.

"तो कागद खोटा आहे," मी म्हटलं. "पंधरा दिवसांनी येते. दहा दिवस राहते."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू लिवलंस?"

"हो."

"आनि ही डोळं काढत व्हती?"

उत्तर जावेने दिलं. "व्हय आई. सगळे देव बाटवले मी."

ती कशामुळे झोपत नव्हती, हे मला तिथे कळलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या कागदावर उभी रेघ मारली आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं. रजोनिवृत्ती जवळ आली की पाळी अशी बिघडू शकते, झोप आणि मनही बिघडू शकतं; पण सगळं वयावर ढकलायचं नाही, तपासायचं. त्यांनी दोन चिठ्ठ्या दिल्या. एक सोनोग्राफीची, रक्ताची आणि गर्भपिशवीच्या क्युरेटिंगची. दुसरी मानसोपचारतज्ज्ञांची.

परतीची एसटी नागोठण्याला थांबली. मग सासूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "माजी पाळी जाताना आठ म्हयने अशीच चाललेली. मी बी डोळं काढले."

"तुम्ही?" जाऊ म्हणाली.

"मंग कोन काढनार व्हतं, तुजा सासरा? देव काय लोनचं हाय, हात लागला की नासायला?"

जाऊ हसली नाही, पण पेण येईपर्यंत सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

गाठबीठ काही निघाली नाही. रक्त फार कमी होतं, त्याच्या गोळ्या झाल्या, रक्तस्राव आटोक्यात आला. भगताकडे कोणी गेलं नाही. जुलैपासून डोळे पुन्हा तिच्याकडे आले. नियम मोडला असं सासूबाईंनी कधी बोलून दाखवलं नाही. "तिचं ती बघंल," एवढं म्हणाल्या आणि कॅलेंडरची पेन्सिल फळीवर टाकली.

मी आज जावेच्या तेव्हाच्या वयाची आहे. माझ्याही तारखा पुढेमागे होतात; त्या मी खऱ्या लिहिते. जाऊ अजून डोळे काढते. पण ब्रश हातात घेण्याआधी हात तीन-तीन वेळा धुते, आणि पहाटे तीनलाच उठून बसते. दुसऱ्या चिठ्ठीचं विचारलं की म्हणते, "सीझन होऊ दे गो, मग जाऊ."

त्या वर्षीच्या वहीत सोनोग्राफी, रक्त, क्युरेटिंग या तिन्ही ओळींपुढे बरोबरची खूण आहे. चौथी ओळ, मानसोपचारतज्ज्ञ, मी दर जूनला नव्या वहीत उतरवते. यंदाही पहिल्या पानावर उतरवली आहे. पुढची चौकट रिकामी आहे.