फुटक्या माठाचं बूड

मुलांनो, तुमच्या पत्रात आईबाबांबद्दल तीन ओळी आणि मांजराच्या पिल्लाबद्दल अख्खं पान. दूध पितं, पाण्याला तोंड लावत नाही. आजी, काय करू? पिल्लू तहानलेलं आहे, म्हणून उत्तर आजच लिहिते.

लग्न होऊन मी देवपूरला आले त्या उन्हाळ्यात तुमचे आजोबा जमीनमोजणीच्या कामावर साक्रीकडे असत, महिना महिना. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. शेजारच्या बायकांची बोली मला कळायची नाही आणि माझ्या पुस्तकी बोलण्याला त्या हसायच्या. मग मी बोलणंच सोडलं. स्वतःचा आवाज ऐकावा म्हणून कधी मोठ्यानं पाढे म्हणायची.

सरपणाच्या खोलीत मांजर व्याली होती. एक दिवस ती गेली ती परतलीच नाही. मागे दोन पिल्लं. कापसाच्या बोळ्यानं मी त्यांना दूध पाजायची, पण त्या उन्हात दूध दुपारपर्यंत नासायचं. पिल्लांचं ओरडणं बारीक होत चाललं. वाटीत पाणी ठेवलं तर ती वाटीपासून लांब पळायची. शेवटी मी देवघरातली पळी आणली आणि एकाच्या तोंडात पाणी सोडू लागले.

"अवं बाई! मरी ऱ्हायनं का ते?" शेजारच्या अक्का कुंपणापलीकडून ओरडल्या. "पळीवरी पाणी कोणले देतस?"

मरणाऱ्याला. मला माहीत होतं, सुचलं मात्र नव्हतं. मी पळी खाली ठेवली.

अक्का फुटक्या माठाचं बूड घेऊन आल्या. त्यात बोटभर पाणी ओतलं. "बोट बुडाड. ते चाटी. मंग बोट खाले ने."

पिल्लानं माझं ओलं बोट चाटलं. बोट हळूहळू खाली नेलं, तशी त्याची जीभ पाण्याला लागली. शिंकलं, आणि पुन्हा प्यालं. दुसरं त्याचं पाहून शिकलं.

"इंग्रजी येस तुले, अन पिल्लूले पाणी पाजता नही येस?"

"अक्का, उद्या याल?" मी विचारलं. त्या आठवड्यात कुणा माणसाशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

पावसाळ्यापर्यंत त्या रोज आल्या. मग मुलाकडे अमळनेरला गेल्या, त्या कायमच्याच. पिल्लंही मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली.

ते बूड अजून मागच्या पायरीवर आहे. एका कडेचा टवका उडालाय. पाणी धरतं.