हिंदुरावाचं शेवटचं पान

नाटकात मी सासू होतो, हे आधीच सांगून टाकतो. मिशी काढून, नऊवारी नेसून तेवीस प्रयोग केले. निघोज्याच्या जत्रेत पुढे बसलेल्या एका आजोबांनी मला भर प्रयोगात ‘पदर नीट घे बाई’ म्हणून दटावलं होतं. तेव्हा ‘उजेड कुणाच्या घरात?’ या नाटकाबद्दल बोलायचा हक्क मला आहे, आणि ते लिहिणाऱ्या हिंदुरावाबद्दल तर आहेच.

आम्ही दोघं भोसरीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यात, एकाच शिफ्टला. हिंदुराव मशीनवर उभा राहून संवाद पुटपुटायचा आणि सुपरवायझरला वाटायचं, हा आपल्यालाच शिव्या देतोय. शहाऐंशी साली कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी त्याने हे नाटक लिहिलं. गोष्ट एकाहत्तरच्या युद्धातली. भोंगा झाला की सगळीकडे ब्लॅकआउट, काचांना काळे कागद, आणि तरीही दिघीतल्या एका चाळीत रोज कुठल्या तरी खिडकीत उजेड दिसतो. शेजारी लष्कराची जमीन. मग शत्रूचा हेर कोण? एक बावळट हवालदार घरोघर तपास करत हिंडतो, सगळे एकमेकांवर संशय घेतात, आणि शेवटी कळतं की हवालदाराची स्वतःचीच सासू चोरून भजी तळत होती. लोक हसून हसून बेजार व्हायचे.

हिंदुरावाचा एक नियम होता. प्रत्येकाला फक्त आपापल्या संवादांची हाताने उतरवलेली नक्कल मिळायची. शेवटचं पान कुणालाच नाही. ते प्रयोगाच्या दिवशी, तोंडाला रंग लागल्यावर, त्याच्या खिशातून निघायचं. पहिल्या प्रयोगाला माझ्या हातात कढई आली तेव्हा मला कळलं की गुन्हेगार मीच. पुढे सगळ्यांना पाठ झालं, पण नियम काही मोडला नाही. उगाच रहस्य कशाला फोडायचं, असं तो म्हणायचा.

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पहिला प्रयोग, मग स्पर्धेत दुसरा नंबर, मग चाकणच्या गणपतीत आमंत्रणं. चौऱ्याण्णव साली लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकाने प्रयोगाची व्हिडिओ कॅसेट काढली आणि आमचा केबलवाला ती रविवारी दुपारी लावायला लागला. पिंपळे गुरवात भाजीच्या गाडीवर बायका मला ‘काय सासूबाई, भजी का?’ म्हणायच्या. बायकोला लाज वाटायची, मला नाही. मग कंपनीत कॉन्ट्रॅक्टची पोरं आली, तालमीला थांबायला कुणी उरेना, आणि नाटक बंद पडलं.

नव्वद सालापासून हवालदाराचं काम निरंजन करायचा. आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. रंगमंचावर हात कुठे ठेवायचे इथपासून त्याला हिंदुरावाने शिकवलं. हिंदुरावाची बायको इंदुताई तालमीनंतर त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. पुढे त्याने नोकरी सोडली, मालिका लिहिल्या, दिग्दर्शक झाला. आम्हाला केवढा अभिमान! टीव्हीवर त्याचं नाव आलं की हिंदुराव मला फोन करायचा.

दोन वर्षांपूर्वी निरंजन पेढे घेऊन हिंदुरावाच्या घरी आला. मलाही बोलावून घेतलं होतं.

“दादा, तुमच्या नाटकावर सिनेमा करतोय. मूळ कथा हिंदुराव, मोठ्या अक्षरात!”

हिंदुराव रडला. डोळे पुसून त्याने विचारलं, “वाचायला आणलंयस ना?”

निरंजनने बॅगेतून जाडजूड बाड काढलं आणि हसत म्हणाला, “सगळं आहे. फक्त शेवटचं पान नाही. ते प्रयोगाच्या दिवशीच. नियम तुमचाच.”

हिंदुरावाने मांडीवर थाप मारली. “गुरूला शिकवतोस व्हय रे!” म्हणाला आणि परवानगीच्या कागदावर सही केली. मीही खो खो हसलो. त्या हसण्याची आज मला किळस येते.

सिनेमा तयार झाल्यावर त्याचा खास खेळ चिंचवडच्या थिएटरात होता, दुपारी तीनचा. आमची जुनी टीम तर होतीच, पण हिंदुराव स्वतः दिघीला जाऊन, लहानपणी तो राहायचा त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना आमंत्रण देऊन आला होता. ऐंशी उलटलेल्या शालनबाईसुद्धा नातसुनेचा, अनिताचा हात धरून आल्या.

मध्यंतरापर्यंत थिएटर हसत होतं. हिंदुराव पडद्याकडे कमी आणि लोकांच्या तोंडाकडे जास्त बघत होता. मग शेवट आला. सासू नाही, कढई नाही, भजी नाहीत. एका खोलीत खिडकीत कंदील, आणि त्याच्याजवळ बसलेली एक बाई. पोरगा लष्करात आहे, त्याची वाट बघतेय म्हणते. हिंदुरावाने माझं मनगट धरलं. हवालदार कंदील उचलतो तर खाली लष्कराचे नकाशे. बाईच हेर. हवालदार ओरडतो, “कुशाबाई, खेळ संपला!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिंदुरावाच्या आईचं नाव कुशाबाई होतं.

बाहेर येऊन तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि मला सांगायला लागला. चाळीस वर्षांच्या मैत्रीत त्याने हे मला कधी सांगितलं नव्हतं. एकाहत्तर साली तो दहा वर्षांचा, दिघीतच. थोरला भाऊ भिवा सीमेवर. आई रोज खिडकीत कंदील ठेवायची, कारण भिवा जाताना म्हणाला होता, अवेळी आलो तर घर सापडलं पाहिजे. गल्लीने तिला हेर ठरवलं, कंदिलावर दगड मारला. पोलीस येऊन चौकशी करून गेले, पण नळावर बायका तिच्या शेजारी हंडा ठेवेनात. भिवा आलाच नाही. आईने हिंदुरावाकडून वचन घेतलं होतं. “माझ्या एका पोरासाठी मी समद्या गल्लीचा जीव धोक्यात घातला. ह्ये कुनाला सांगू नगंस.”

म्हणून त्याने भजी तळणारी सासू लिहिली होती. त्या उजेडाला लोक हसले तर त्यातलं विष निघून जाईल, असं त्याला वाटलं. आणि वचन मोडलं फक्त एकदा. आई गेल्यावर, सावडायच्या दिवशी, घाटावर शेजारी बसलेल्या निरंजनजवळ.

“तुला का नाही सांगितलं, माहितीये?” तो मला म्हणाला. “तू बडबड्या. तो पोटात ठेवील वाटलं.”

मला राग यायला हवा होता, पण तो सगळा निरंजनसाठी राखून ठेवला होता. तो हातात पुष्पगुच्छ घेऊन आलाच.

“दादा, कसा वाटला शेवट?”

“तिचं नावसुद्धा बदललं नाहीस?”

“फार अस्सल नाव आहे हो. आणि नुसती पोराची वाट बघते म्हटलं तर लोक थंड पडतात. ट्विस्ट लागतो.”

“माझं नाव काढ त्याच्यावरून.”

“अहो, लोक नावासाठी कोर्टात जातात. मी तुम्हाला न मागता दिलं. आता कसं निघेल?” असं म्हणून त्याने पुष्पगुच्छ हिंदुरावाच्या मांडीवर ठेवला आणि कुणीतरी फोटोला बोलावलं म्हणून निघून गेला. तीस वर्षं त्या माणसाला मी भावा म्हणत आलो होतो.

मग अनिताच्या आधाराने शालनबाई पायरीपाशी आल्या. त्यांनी हिंदुरावाच्या डोक्यावर हात ठेवला.

“हिंदू, बाबा, लई बरं केलंस. त्यो दगड म्या मारला हुता. तुझी आय रडली तवा वाटलं, बिनगुन्ह्याची आसंल तर? पन्नास वरसं जिवाला लागून हुतं बघ. आज मोकळी झाले.”

“न्हाई मावशी,” हिंदुराव उठून उभा राहिला. फुलं जिन्यावरून खाली गेली. “ते खोटं हाय. ते मी न्हाई लिहिलं.”

शालनबाईंनी त्याचा गाल कुरवाळला.

“तुझी आय हाय ती, वाईट वाटनारच. पर नाव हाय की तुझं पडद्यावर. अनितानं वाचून दावलं मला.”