वारेची चानकी

सोनोग्राफीच्या खोलीत शिरणारा प्रत्येक माणूस पडद्यावर बाळ शोधतो. आमच्या वारवाल्या बाई आधी वार शोधायच्या. पोटात बाळाला नाळेतून रक्त पुरवते आणि बाळंतपणात बाळामागून बाहेर पडते, ती वार. बाई डॉक्टर होत्या, नावापुढे बऱ्याच पदव्या होत्या, पण कर्वेनगरात त्यांना सगळे वारवाल्या बाईच म्हणत. “बाळाचं कौतुक करायला अख्खं गाव आहे. हिचं कोण करतं? नऊ महिने राबते आणि शेवटी कुणी वळून बघत नाही,” असं म्हणत त्या पडद्यावर वार शोधायच्या, आणि ती सापडली की माहेरचं माणूस भेटल्यासारख्या खुलायच्या.

त्यांचा दवाखाना पिठाच्या गिरणीवर होता. बाहेर पाटी होती : ‘रिपोर्ट वाचून घाबरायचे असल्यास घरी जाऊन घाबरावे.’ पोटावर जेल लावताना त्या म्हणत, “गार लागेल. स्वागत समजा.”

मी पाचव्या महिन्यात त्यांच्याकडे गेले ती घरून घाबरूनच. खराडीला कॉम्प्युटरपुढे बसून पगार घेत असल्यामुळे पडद्यावर दिसेल ते खरं मानायची मला सवय. आधीच्या रिपोर्टात ‘प्लॅसेंटा अँटिरियर’ असं लिहिलं होतं, आणि इंटरनेटवर शोधता शोधता मी स्वतःला पार मरणाच्या दारात नेऊन ठेवलं होतं.

“तुमच्या हॉलमधला टीव्ही कुठल्या भिंतीवर आहे?” बाईंनी विचारलं.

“दारासमोरच्या.”

“आमचा दाराच्या बाजूला आहे. घर पडलं का कुणाचं? तुझी वार पुढच्या भिंतीला आहे, एवढंच. मध्ये गादी आल्यामुळे लाथा जरा उशिरा कळतील. नंतर चिकार खाशील.”

मी हसले, आणि तेवढ्यात त्यांचा हात थांबला. त्या पडद्याजवळ वाकल्या. “वार...” त्या स्वतःशी पुटपुटल्या, “दोन?”

माझ्या उशाशी बसलेल्या सासूबाईंना वाटलं, प्रश्न आपल्याला आहे. त्या लगबगीनं म्हणाल्या, “हो, सोमवार आणि गुरुवार. पण दिवस राहिल्यापासून मीच बंद करायला लावलेत हो तिला उपास!”

“उत्तम केलंत,” बाई मान न वळवता म्हणाल्या. “आता जरा ह्या वारेचं बघू द्या.”

मग त्या कितीतरी वेळ गप्प होत्या. पडद्यावर लाल-निळे रंग फिरत राहिले. बाई गप्प बसू शकतात हेच मला माहीत नव्हतं, त्यामुळे मी रडायला लागले.

“रड, पण पोट हलवू नकोस. चित्र हलतं,” त्या म्हणाल्या. मग पडदा माझ्याकडे वळवून त्यांनी बोट ठेवलं. “ही मोठी पोळी. आणि ही शेजारी बघ, उरल्यासुरल्या पिठाची चानकी. पोरांसाठी लाटतो ना, तशी. वारेचाच जास्तीचा छोटा तुकडा आहे. दोघींना जोडणाऱ्या रक्तवाहिन्या पिशवीच्या तोंडावरून जात असत्या तर बाळाला धोका होता. तशा जात नाहीत. बाळ मजेत आहे.”

“मग?”

“मग तुझं. बाळंतपणात पोळी बाहेर येईल, सगळे म्हणतील झालं. चानकी आत राहिली तर रक्त थांबणार नाही. तुझ्या डॉक्टरांना मी कळवतेच आहे, पण तूही विचारायचंस. हिला इंग्लिशमध्ये सक्सेन्चुरिएट लोब म्हणतात. कळा देताना ते तुझ्या बापजन्मी आठवणार नाही. चानकी आठवेल. चानकी आली की मगच झालं म्हणायचं.”

प्रत्यक्षात नेमकी माझी डॉक्टर दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकली. रिपोर्ट फायलीत होता, फाईल नवऱ्याच्या हातात होती आणि नवरा पार्किंग शोधत होता. मुलगी झाली, रडली, मागून वारही पडली. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर म्हणाला, “झालं.”

“चानकी?” मी विचारलं. “चानकी आली का?”

“आत्ता काही खायचं नाही हं,” सिस्टर मायेनं म्हणाली. “नंतर पेज देऊ.”

मला घेरी येत होती. होतं नव्हतं ते बळ एकवटून मी ओरडले, “वारेची! वारेचा दुसरा तुकडा आत आहे!” डॉक्टरनं ट्रेमधली वार पुन्हा उलटून पाहिली. तिच्या कडेला एक रक्तवाहिनी तुटलेली दिसली आणि त्याचा चेहरा उतरला. पुढची धावपळ मला धड आठवत नाही. चानकी निघाली आणि मी राहिले, एवढं खरं.

मुलीला घेऊन बाईंकडे गेले, तर म्हणाल्या, “हिला काय दाखवतेस? हिला मी तुझ्याआधी पाहिलंय. चानकीचं सांग.” मी सांगितलं. पेजेपाशी आल्यावर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसत पुसत, मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “शहाणी माझी बाय.” बाईंनी कुणाला शहाणं म्हटल्याचं नंतरही कुणाकडून ऐकलं नाही.

त्या गेल्याचं मला गिरणीत कळलं. दळणाचा डबा हातात धरून मी तिथेच हमसून हमसून रडले. वर पाटी तशीच होती. घरी जाऊन रडावे असं तीवर लिहिलेलं नव्हतं, म्हणून बरं.

आता लेक ओट्याशी स्टूल ओढून उभी राहते. माझ्या पोळ्या उरकल्या की परातीतलं उरलेलं पीठ तिचं. ती वेडंवाकडं लाटते, मी तव्यावर टाकते, आणि ती टम्म फुगेपर्यंत आम्ही दोघी वाकून बघत बसतो.

“आई, आली चानकी!”

“मग झालं,” मी म्हणते, आणि गॅस बंद करते.