सहावं पान

मी चुकून घरमालकाला मायचा फोटो पाठवला.

त्यांनी कागदपत्रं मागितली होती. "सुटे फोटो नकोत. सगळं एका पीडीएफमध्ये द्या, सोसायटीच्या कमिटीला दाखवायचंय." हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी फोटो निवडत गेलो. आधार, पॅन, कंपनीचं पत्र, दोन पगारपत्रकं. पगारपत्रकाशेजारी माय होती. तीही निवडली गेली. न तपासता पाठवलं. नोकरी कसली, तर टेस्टिंगची. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो मी.

फोटोत माय पांढऱ्या लुगड्यात, हात जोडून. मागे बुद्धाची तसबीर, निळा झेंडा.

मालक नारायण पेठेतले, फ्लॅट सिंहगड रस्त्याला. भेटलो तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं होतं. माझं आडनाव दोन्हीकडे चालतं. त्यांनी त्यांच्याकडचं समजून घेतलं, मी चहा पिऊन घेतला. घर हवं होतं. माय वर्ध्याकडे गावात एकटी. मोतीबिंदूने निम्मं दिसेनासं झालेलं. तिला इथं आणायचं होतं.

फोन आला.

"अहो, ते सहावं पान..."

"चुकून आलं, काका."

"चुकूनच असणार. आपल्याकडे पाहून वाटत नाही हो तसं. माझं काही नाही. पण कमिटी असते. तेवढं पान काढा, फाइल परत पाठवा. मी काही पाहिलं नाही. आणि आई आल्या की भिंतीवर काही लावू नका म्हणावं."

मी "चालेल" म्हणालो. वर थँक यू म्हणालो. थँक यू!

बसस्टॉपवरच फाइल उघडली. सहावं पान दाबलं. फोनने विचारलं, हे पान काढायचं? माय हात जोडून माझ्याकडे बघत होती. अंगठा खाली जाईना. मग उमगलं, फोन हे आज विचारतोय. मी तर पुण्यात आल्यापासून रोज 'हो' दाबत आलोय. आडनावावर हसून. डब्यावर, सणावर गप्प बसून.

पान काढलं नाही. ओढून पहिलं केलं. आधी माय, तिच्यामागे माझं आधार. पाठवलं.

उत्तर आलं, "कळलं. शुभेच्छा."

तीच फाइल पुढे कितीतरी मालकांना गेली. कुणाचा पाहुणा आला, कुणाचा फ्लॅट एकाएकी विकायचा निघाला. मी अजून कॉट बेसिसवर, खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरत. पण पहिलं पान हलणार नाही. मायला पुसून मिळणारं घर मला नको.

मायला फोनवर हे सगळं छाती फुगवून सांगितलं. ती म्हणाली,

"फाइलीत पयला नंबर देला मले, लय झालं. आता डोये पुरे जायच्या आत घर दाखवतं का थेही फोटोतच?"