माहेरची वाटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच कदाचित तुमच्यापाशी जीभ उचलतेय.

या गुजराती शहरात, नवागामच्या आमच्या गल्लीत मला मान आहे. लग्नाआधी चार वर्षं मी एका सराफाच्या काउंटरवर उभी होते. आता घरी साड्यांना स्टोन चिकटवते. पण मोबाइलवर कुणी स्वस्त सोनं पाहिलं की बायका आधी माझ्या दारात. शिक्का जवळून दाखव, पक्कं बिल देतोस का, बाजारापेक्षा भाव कमी कसा — मी विकणाऱ्याला फटाफट विचारते आणि भलेभले फोन ठेवून देतात. मला ते आवडतं. हरभऱ्याच्या झाडावर मला कुणी चढवावं लागत नाही, माझी मीच चढते.

हा मान मला दिला शेजारच्या कमलमावशीनं. सख्खी नाही, पण माझ्या बाळंतपणात धुळ्याहून आईला येता आलं नाही, तेव्हा चाळीस दिवस बाळाला न्हाऊ घातलं ते तिनंच. नवरा गेल्यावर साड्यांच्या घड्या घालून तिनं एकुलती लेक वाढवली. "सोनं घ्यायचं तर हिला विचारा," असं ती सगळ्यांना सांगायची.

लेकीचं, पूजाचं, लग्न ठरलं. मंगळसूत्रात दोन वाट्या असतात — एक सासरची, एक माहेरची. माहेरची वाटी म्हणजे मावशीची इज्जत. एक माणूस मोबाइलवर लाइव्ह येऊन दागिने विकायचा. तो मावशीला दाखवला मीच. वर सगळ्या बायकांच्या देखत, माझा फोटो असलेल्या खात्यावरून लाइव्हखाली लिहिलं, "माल चांगला आहे, मला कळतं." काय कळत होतं मला? व्हिडिओतली चमक?

वाटी आली. मावशीनं ती माझ्या तळहातावर ठेवली. "तुले समजस, तूच देख." शिक्क्याजवळ सहा अक्षरांचा नंबर होता. सरकारी ॲपमध्ये तो टाकला की दागिना कोणता, किती शुद्ध, ही माहिती येते. मी टाकला. काय आलं ते सांगते — जरा थांबा. मी मावशीला म्हटलं, खरी आहे.

लग्न झालं. आमच्याकडे नवरीच्या गळ्यात वाट्या आधी उलट्या असतात, आणि काही दिवसांनी सुलट करतात. पूजा त्यासाठी माहेरी आली तेव्हा मावशीनं मला बोलावलं नाही. पुढच्या आठवड्यात पाहिलं, तर मावशीच्या कानातली सोन्याची फुलं गेलेली. भोकं बुजू नयेत म्हणून कडुनिंबाच्या काड्या घातलेल्या. विचारलं, तर म्हणाली, "कान दुखतस." मी मान डोलावली. मला काय कळलं नव्हतं?

मग गल्लीतली दुसरी एक बाई त्याच माणसाकडून कानातलं घ्यायला निघाली, आणि मला राहवेना. मी वेगळ्या नावानं तेच कानातलं मागवलं आणि त्याला माल हातात द्यायला पर्वत पाटियाच्या नाक्यावर बोलावलं. सोबत दोन बायका घेतल्या. मावशी न बोलावता आली. त्यानं डबी उघडली, मी नंबर टाकला. डबीत कानातलं, आणि ॲपवर आलं 'नथ'. फोन सगळ्यांपुढे धरून मी आवाज चढवला. त्यानं मला निरखून पाहिलं आणि ओळखलं.

"बेन, लाइवमां तो तमे ज वखाण करतां हतां!"

लाइव्हमध्ये मालाचं कौतुक करणारी मीच, हे ऐकून जमलेली माणसं माझ्याकडे वळली. तेवढ्यात मावशी मध्ये आली आणि तिनं त्याला स्वतःकडे वळवलं.

"तिले काय इचारस? मनासंगे बोल."

तिनं पदराची गाठ सोडली आणि त्याच्या स्कूटरच्या सीटवर एक वाटी ठेवली — आतून काळी पडलेली. "हाई बी तुनीच शे." लोक पुढे सरकले तसे त्यानं निमूट मावशीचे पैसे परत केले. त्याचं लाइव्ह पुन्हा दिसलं नाही.

परतताना रिक्षात मी तिचा हात धरून रडले. वाट्या सुलट करतानाच तिला कळलं होतं. कानातली फुलं मोडून तिनं खरी वाटी करून घेतली, सासरच्यांना पत्ता लागू दिला नाही. स्वस्त वाटीचे परत आलेले पैसे तशा फुलांना पुरणार नव्हते. आणि मला? एका शब्दानं विचारलं नाही. पाठ थोपटत एवढंच म्हणाली, "चूक व्हई जास, माय." अजूनही ती बायकांना माझ्याकडेच पाठवते. ती शेजारी आहे म्हणून मी या शहरात ताठ मानेनं राहते. तिचे उपकार मी रोज आठवते, अगदी रोज, आणि मन भरून येतं.

पण ती चूक नव्हती. त्या दिवशी ॲपवर स्वच्छ आलं होतं — 'अंगठी'. माझ्या हातात वाटी, आणि नंबर कुणाच्या तरी अंगठीचा. मी वाचलं. दोनदा वाचलं. लग्नाला चार दिवस होते, पैसे परत मागून दुसरी वाटी आणता आली असती. पण सगळ्यांसमोर मीच छातीठोक लिहिलं होतं ना — माल चांगला आहे. मी फोन पालथा ठेवला आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "खरी आहे, मावशी."

ती अजून त्याला चूकच समजते. आज सकाळी नळावर भेटली, तेव्हाही तिच्या कानात काड्याच होत्या.